बाजाराच्या वेशीवर टोलचं वळतं

शिरूर आणि दौंड ह्या तालुक्यांत पाहायला म्हणून कुणी जात नाही. लोक नोकरीला जातात, लग्नाला जातात, नाहीतर पुढच्या गावाला जाताना चहापुरते उतरतात. मीही लेकीला भेटायलाच गेलो होतो. पाच दिवसांत परततो असं घरी सांगून निघालो आणि पंधरवड्याने सांगलीला आलो. मधे एवढे दिवस कुठं गेले, हे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि आमची ही प्रत्येकाला तिखटमीठ लावून सांगते. म्हणून एकदा माझ्या बाजूनं लिहून ठेवतो, जरी त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

मी सांगलीच्या जकात नाक्यावर कारकून होतो. जकात बंद झाली, मला घरपट्टीत बसवलं आणि तिथून निवृत्त झालो, पण उमेदीची वर्षं गेली ती नाक्यावर. त्यामुळे रस्त्यात कुठं बांबू आडवा दिसला की लोक वैतागतात आणि मला बरं वाटतं. दुसरे लोक परगावी गेले की देवळं बघतात, मी पावत्या वाचतो.

शिक्रापूर

लेक आणि जावई शिक्रापुरात एका खोलीत राहतात. जावई कारखान्यात आहे. रांगेनं बारा खोल्या, समोर एक नळ, आणि सकाळी त्या नळावर मराठी, हिंदी, भोजपुरी असं सगळं एकदम चालतं. आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की महिनाभर त्याची चौकशी चालते. इथं कोण कधी आलं आणि कधी गेलं, ह्याचा पत्ता शेजाऱ्यालाही नसतो. तरी लेकीला ताप आला तेव्हा शेजारची बिहारी बाई तीन दिवस डबा देत होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

नगर रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नाही. पलीकडच्या गाड्यावर वडे तळताना पाहून मी रस्ता ओलांडायला उभा राहिलो, आणि पलीकडे पोचेपर्यंत वडे संपले होते. जावयानं त्यावर मला मोबाईलवर एक बातमी वाचून दाखवली. परदेशातल्या एका मोठ्या शहरात गाडी घेऊन आत शिरलं की गर्दीचा वेगळा आकार भरावा लागतो म्हणे, आणि जो बोगद्याचा टोल भरून आला असेल त्याला त्या आकारातून सूट मिळते. मी म्हटलं, ह्यात नवीन काय, ह्याला आम्ही वळतं करणं म्हणायचो. जावई म्हणाला, "मग बाबा, तुम्ही आमच्या गावाला जाच. आमच्याकडं बाजारादिवशी हेच चालतं."

भीमेकाठी

जावयाच्या गावाचं नाव लिहीत नाही. मांडवगण फराट्यापासून फार लांब नाही आणि भीमेच्या काठावर आहे, एवढं पुरे. आमचे व्याही पंचायतीचे सदस्य आहेत, सारं गाव त्यांना आप्पा म्हणतं. मी सोमवारी पोचलो. ताटात मासवडी आली तेव्हा मी "आज सोमवार, मला चालत नाही" म्हणून ताट मागं सरकवलं, तर घरातली लहानथोर सगळी हसायला लागली. मासवडीत मास नसतं. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण भरून वळलेली वडी आणि वर डोळ्यांत पाणी आणणारा रस्सा. नंतर मी तीन दिवस तेच मागून खाल्लं.

बाजार गुरुवारचा. वेशीपासून बाजारतळापर्यंत एकच रस्ता, अंतर किलोमीटरभर. थंडीत उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो, पिकअप आणि जीपा अशा अडकतात की चालणाऱ्यालाही वाट नाही. एका बाजारादिवशी एक अडलेली बाळंतीण गाडीत दोन तास अडकली. बाई आणि मूल वाचलं, पण गाव घाबरलं. तेव्हापासून पंचायतीनं वेशीवर गर्दीची पावती सुरू केली. आत येणाऱ्या गाडीला एक पावती, आणि आत बसलेल्यांना माणशी एक. पण दौंडकडून येणाऱ्या गाड्या सोलापूर रस्त्याचा टोल भरून मग भीमेचा पूल ओलांडून येतात. जुनी माणसं म्हणाली, एकाच येण्याचे दोनदा घेणं बरं न्हाई. म्हणून टोल वळता करायचा ठरला. चालकानं टोल कापल्याचा मोबाईलवरचा निरोप दाखवायचा. तेवढं त्याच्या पावतीतून कमी, आणि त्याच्या गाडीतल्या माणसांना पावती माफ. हे ऐकून मला एवढा आनंद झाला की मी आप्पांकडून तो नियम दोनदा सांगून घेतला. तिथंच मी फसलो.

बुधवारी चार वाजता आप्पा म्हणाले, "पाव्हणं, जरा चावडीवर चला. एक निवाडा करायचाय."

"कुणी करायचाय?"

"तुम्हीच. आमच्याकडं तंटा पाव्हण्याफुडं ठिवत्यात. ज्याला हितं जमीन न्हाई, मत न्हाई, पण एक मुक्काम झालाय, त्यो खरं बोलतो. मातर एकदा शबुद दिला की फिरवायचा न्हाई. फुडला पाव्हणा यीस्तवर त्योच चालतो."

आमच्या सांगलीकडं पाहुण्याला पाट देतात, इथं खटला देतात. नको म्हणावं असं मनात आलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट मी खिशात पेन आहे का ते चाचपलं.

चावडीत घोंगडीवर मला बसवलं. समोर मिलिंद उभा होता, चाळिशीचा, अंगानं काटक. इतर दिवशी तो कामगारांना कारखान्यात नेतो-आणतो आणि गुरुवारी दौंडहून बाजाराला बसणाऱ्या बायका आणतो. वेशीवरच्या पावतीवाल्याची तक्रार त्याच्याविरुद्ध होती. मिलिंदकडं टोलनाक्याचा महिन्याचा पास आहे. त्यामुळे नाका ओलांडला की त्याच्या मोबाईलवर कापलेली रक्कम शून्य अशी येते. आजवर पावतीवाला ते चालवून घेत होता, आता पिकअपवाले कुरकुरायला लागले होते.

मिलिंदचा मोबाईल माझ्यापुढं ठेवला. मी चष्मा लावला, निरोप वाचला आणि मोठ्यानं म्हणालो, "शून्य."

मिलिंद म्हणाला, "मामा, पर आतल्या बाया..."

"विषय टोलचा आहे," मी त्याला थांबवलं. "ज्या फेरीला टोल कापला नाही त्या फेरीला वळतं नाही. नियम सगळ्यांना एक."

लोकांनी माना डोलावल्या. मला नारळ आणि टॉवेल मिळाला. आप्पांच्या घरी परतताना माझी छाती दोन बोटं पुढं होती, आणि रात्री झोपही गाढ लागली.

वेशीवर

गुरुवारी सकाळी मी आपला निवाडा कसा चालतोय ते बघायला मुद्दाम वेशीवर गेलो. आठच्या सुमाराला मिलिंदची जीप आली आणि बांबूच्या अलीकडे थांबली. जीपची पावती आणि दहा बायकांच्या दहा पावत्या भरल्या असत्या तर फेरीत त्याच्या हाती काही उरलं नसतं. बायका उतरल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि चालू लागल्या. एक म्हातारी तेवढी राहिली. दोन पोती, त्यांतून सुकट-बोंबलाचा वास, आणि एका पोत्यावर पाय लांब करून ती बसलेली. दहा-बारा पावलं चालून ती परत आली होती.

मी मिलिंदला विचारलं, "ह्या का थांबल्या?"

"हौसामावशी हाय. गुडघा गेलाय तिचा. जीप बाजारतळापत्तूर जायची, तवा चालत हुतं. आता किलोमीटर कशी चालंल?"

"मग जीप आत का नेत नाहीस?"

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "काल तुम्हीच न्हाई का सांगितलं, मामा."

मी पावती भरायला खिशात हात घातला, तर पावतीवाल्यानं हात जोडले. निवाडा देणाऱ्यानं कुणा एकाची पावती भरली तर तो त्या बाजूचा होतो, म्हणाला. मी एक पोतं उचललं आणि हौसाबाईला हात दिला. ती उठली, चार पावलं आली आणि तिचा गुडघा वाकला तो सरळच होईना. आप्पांची फटफट आणतो म्हटलं, तर तिला पाय टाकून बसता येईना. एवढ्यात नऊ वाजून गेले. नऊनंतर बाजारतळावरची मोकळी जागा त्या दिवसापुरती दुसऱ्याला देतात.

"आजचा बाजार गेला, जाऊ दे," मिलिंद म्हणाला. "पर लागोपाठ दोन बाजार चुकलं की जागा कायमची जाती. फुडच्या गुरुवारचं बघा."

तो हौसाबाईला आणि पोती घेऊन दौंडला परत गेला. मी आप्पांना शोधून निवाडा मागं घेतो म्हटलं. आप्पांनी मान हलवली. "न्हाई जमायचं, पाव्हणं. सकाळी एक आन् सांजला एक म्हटलं, तर पाव्हण्याचा शबुद कोण मानंल? दुसरा पाव्हणा आला तरच." मी त्याच दिवशी सांगलीला निघणार होतो. पिशवी भरलेली होती. ती तशीच ठेवली.

दौंड

शुक्रवारी मिलिंदच्या जीपमधून दौंडला गेलो. दौंड हे रेल्वेचं गाव. इंजिनाची शिट्टी झाली की बोलणारी माणसं बोलता बोलता थांबतात आणि शिट्टी संपली की त्याच शब्दापासून पुढं बोलतात. मला ती सवय नव्हती, त्यामुळे दर वेळी मीच एकटा ओरडत राहिलो.

हौसाबाईची खोली रुळांपासून जवळ आहे. मिलिंदनं दारातून "जयभीम, मावशी" म्हटलं, तिनं "जयभीम, ये" म्हणून आम्हाला बसायला सतरंजी टाकली. गुडघ्याला रुईची पानं बांधलेली होती. मी नको नको म्हणत असताना तिनं भाकरी आणि सुकटीची चटणी पुढं केली. अशी चटणी मी जन्मात खाल्ली नव्हती. आमच्याकडं सुकट म्हणजे पावसाळ्यातली अडचण भागवायची गोष्ट, आणि ह्या बाईनं त्याचं पक्वान्न केलं होतं.

"जागा सासूची व्हती," ती म्हणाली. "तिच्यामागं मी बसते, एकतीस वरसं झाली. गिऱ्हाईक मला कुठं वळखतंय? ते जागेला वळखतंय. म्हातारी डोळं मिटून येत्यात, चिंचेखाली हात फुडं करत्यात आन् म्हंत्यात, आतपाव दे."

"जागा गेली तर?"

"मंग घरीच." एवढंच बोलून तिनं मला आणखी भाकरी वाढली.

तिनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि माझी माफी तोंडापर्यंत येऊन भाकरीबरोबर खाली गेली. मला स्वतःची लाज वाटत होती. बाहेर येऊन मी स्टेशनसमोर चहा घेतला आणि सांगलीला घरी फोन लावला.

कुसुम, म्हणजे आमची ही, बालवाडीत सेविका होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही घाण केली आणि मी निस्तरायला येऊ?"

"पाहुणाच लागतो. आणि तू तर विहीण आहेस."

"विहीण म्हणून आले तर त्यांना साडीचोळी करावी लागेल. त्यांचा खर्च कशाला?"

"कुसुम, तिची जागा जाईल."

शिट्टी झाली. ती थांबल्यावर कुसुमचा आवाज आला, "मंगळवारची गाडी बघते."

पुन्हा भीमेकाठी

कुसुम मंगळवारी दुपारी दौंडला उतरली. मला वाटलं होतं थेट गावाला जाऊ. पण ती म्हणाली, आधी त्या बाईंकडं. तिथं दोघी दीड तास बोलत बसल्या. मी आणि मिलिंद बाहेर रुळांकडं बघत उभे. निघताना कुसुमनं हौसाबाईचं एक पोतं मागून घेतलं आणि स्वतः जीपमध्ये ठेवलं. वेशीपाशी आलो तेव्हा तिनं मिलिंदला थांबायला सांगितलं. बाजाराचा दिवस नव्हता, बांबू वर होता, जीप सरळ आत गेली असती.

"मला चालून बघायचंय," ती म्हणाली.

पोतं तिनं मला धरू दिलं नाही. पहिल्या दोनशे पावलांत तिनं दोनदा खांदा बदलला, मग डोक्यावर घेतलं, मग थांबली. तिच्या मागं मोकळ्या हातानं चालताना मला नाक्यावरची एक गोष्ट आठवली. आमच्या नाक्यावर मोठ्या व्यापाऱ्यांची खाती असत. ते महिन्याची रक्कम आगाऊ भरायचे आणि त्यांचे ट्रक आम्ही थांबवतसुद्धा नव्हतो. त्या ट्रकच्या कागदावर त्या फेरीला काय कापलं, हे मी कधीही विचारलं नाही. सलाम ठोकून सोडून द्यायचो. आगाऊ भरणं म्हणजे भरणंच, हे व्यापाऱ्याच्या बाबतीत मला न शिकवता कळत होतं.

मंगळवारचा मुक्काम झाला आणि बुधवारी चारला चावडी भरली. एक म्हातारा म्हणाला, "एकाच घरातलं दोन पाव्हणं कसं चालंल?" त्यावर आप्पा म्हणाले, "नवऱ्याच्या इरोधात बोलायला आलीय, म्हंजी लांबचीच म्हणायची." सगळे हसले. कुसुम घोंगडीवर बसली, शेजारी सुकटीचं पोतं, आणि त्या वासानं चावडीतल्या दोन मांजरी तिच्याभोवती घुटमळत होत्या. तिच्यापुढं पुन्हा मिलिंदचा मोबाईल ठेवला. तिनं तो उचलून त्याला परत दिला.

"हा पास फुकट मिळतो का?" तिनं विचारलं.

"न्हाई," मिलिंद म्हणाला. "म्हैन्याच्या म्हैन्याला भरावं लागत्यात."

"मग टोल भरलाच की. आधी भरला, एवढंच." मग ती पावतीवाल्याकडं वळली. "तुमच्या रस्त्यावर गर्दी कशाची होते? गाड्यांची का माणसांची?"

"गाड्यांची."

"दहा बायका एका जीपमधून आल्या तर गाडी एकच आली. त्या दहा रिक्षा करून आल्या असत्या तर?"

पावतीवाला बोटांवर मोजायला लागला. पिकअपवाल्यांतला एक म्हणाला, "पर बाई, नियम..."

"नियम बाळंतिणीसाठी केलाय ना? मग जीप बाजारतळापर्यंत नेऊन रिकामी बाहेर आणून उभी करायची, म्हणजे वाट मोकळी राहील. महिन्याच्या पासाला वळतं द्यायचं. आणि ज्यांच्यामुळे नऊ गाड्या कमी येतात त्या बायकांना माणशी पावती कधीच लावायची नाही, टोल असो वा नसो. माझं झालं."

आप्पांनी डावीउजवीकडं पाहिलं. विहीणबाईचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती हे खरं, पण माना डोलत होत्या त्या काही भीतीनं नव्हे. तिला नारळ, साडी आणि चोळीचा खण मिळाला. माझा टॉवेल तिनं वाटेत पोतं झाकायला वापरला होता.

गुरुवार

मी सातला वेशीवर होतो. जीप आली, बांबू वर गेला, मिलिंदनं मला हातही केला नाही. तो घाईत होता. मी जीपमागं चालत बाजारतळावर गेलो. चिंचेखाली जागा रिकामी होती. मिलिंदनं हौसाबाईला धरून उतरवलं, पोती ठेवली आणि जीप वळवून निघून गेला. तिनं गोणपाट अंथरलं, तराजू मांडला, एका बाजूला सुकट, दुसऱ्या बाजूला बोंबील, आणि एक म्हातारी तिच्याआधीच येऊन हात पुढं करून उभी होती.

गिऱ्हाईक जरा कमी झाल्यावर मी जवळ गेलो. आता माफी गिळायची नाही असं ठरवूनच आलो होतो.

"हौसाबाई, माझं चुकलं. तुमचा एक बाजार माझ्यामुळे बुडाला."

तिनं वर पाहिलं. रागानं नाही, उलट जरा समजूत घातल्यासारखं ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, पाव्हणं? तुमच्या म्होरं मोबाईल ठिवला, तुम्ही मोबाईल वाचला. त्यात मी कुठं व्हते?"

तिच्याजवळ रद्दीचा गठ्ठा होता, त्यातला एक कागद घेऊन मी गोणपाटाच्या कडेला बसलो आणि बाजार उठेपर्यंत तिच्या पुड्या बांधून दिल्या.